न वाकणारी तार वाकवण्याविषयी

छोटी विमाने घरी तयार करून मैदानावर उडवण्याचा छंद असलेली माणसे जेव्हा त्या छंदाविषयी बोलू लागतात, तेव्हा पंखांचा डौल, इंजिनाची गर्जना, इक्वेडोरहून येणाऱ्या बाल्सा लाकडाचा हलकेपणा आणि एकंदर आकाशाचे औदार्य यांविषयी ती तासन्‌तास बोलतात. परंतु त्या विमानाच्या पोटातून, कुणाच्याही दृष्टीस न पडता, शेपटीपर्यंत जाणारी जी एक पोलादी तार असते, आणि जिच्यावाचून तो डौल व ती गर्जना ही दोन्ही पहिल्याच गिरकीत धारातीर्थी पडायची, तिच्याविषयी मात्र ती, वरिष्ठ अधिकाऱ्याने जावक बारनिशीच्या कारकुनाविषयी बाळगावे तेवढेच औदासीन्य बाळगतात.

तारेचे काम सांगायला सोपे आहे. मैदानावर उभ्या असलेल्या मालकाने हातातल्या पेटीवरची दांडी जराशी मागे ओढली की विमानाच्या पोटातील सर्वो नावाचे यंत्र आपला प्लास्टिकचा हात फिरवते. त्या हाताच्या भोकात अडकवलेली तार सरकते. तिचे दुसरे टोक शेपटीच्या हलत्या फळीला डकवलेल्या हॉर्नमध्ये गुंतलेले असल्यामुळे ती फळी, म्हणजे एलिव्हेटर, उचलली जाते. आणि विमान नाक वर करते. सरकारी भाषेत सांगायचे तर हुजुरांचा हुकूम मामलेदार कचेरीत आला आणि तेथून गावच्या पाटलाकडे जाऊन त्याची तामिली झाली. मधल्या वाटेवर जो जासूद धावला, तो ही तार. जासुदाने वाटेत रेंगाळू नये, हुकमातला काही हिस्सा स्वतःकडे ठेवून घेऊ नये आणि मुख्य म्हणजे वजन पडले म्हणून वाकू नये, अशी अपेक्षा असते. आणि कारभाराचा थोडाबहुत अनुभव असलेल्या कोणाही वाचकाला, या तिन्ही अपेक्षा एकाच इसमाकडून पुऱ्या होण्याचा संभव किती अल्प आहे, हे आम्ही सांगायला नको.

ओढण्याच्या कामी तारेसारखा दुसरा सेवक नाही. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर जे विमान उडवले, त्यात पालथे पडून, कंबर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून, तारांच्या ओढीने पंख पिळण्याची व्यवस्था होती. दोन्ही बाजूंना ओढणाऱ्याच तारा असल्यामुळे कोणावर ढकलण्याचा प्रसंग येत नसे. छोट्या विमानांतही सुकाणूला अशा दोन बारीक तारा जोडण्याची रीत आहे. एक ओढते तेव्हा दुसरी स्वस्थ बसते, आणि दोघींचाही पगार चालू राहतो. पण जिथे एकच तार असते आणि तिला ढकलण्याचेही काम सांगितले जाते, तिथे तिचे खरे रूप प्रकट होते. टोकाकडून दाबली की ती प्रथम ताठ राहते, आणखी दाबली तरी ताठच राहते, आणि मग एका विवक्षित क्षणी, कसलीही आगाऊ नोटीस न देता, मधोमध कमान करून अंग काढून घेते. लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वर्तणुकीचा हिशेब मांडून ठेवला आहे. त्या हिशेबाने पाहता तारेची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठा सोळा पटींनी वाढतो आणि लांबी दुप्पट केली तर तो चौथाईवर येतो. म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची आणि फूटभर लांबीची पोलादी तार सुमारे ७०० ग्रॅम दाब पडेपर्यंत इमान राखते. तीच दोन फुटी घेतली तर १८० ग्रॅमांच्या आसपासच तिची निष्ठा डळमळते. इकडे नऊ ग्रॅम वजनाचा लहानसा सर्वोदेखील सेंटिमीटरभर हातावर किलोहून अधिक जोर लावू शकतो. तेव्हा सर्वो आपले काम चोख बजावतो, एलिव्हेटर जागचा हलत नाही, आणि मधल्यामध्ये तार वाकून दोघांनाही संतुष्ट ठेवते.

त्यातही एक खोच अशी की हॉर्न जर एलिव्हेटरच्या खालच्या अंगाला लावलेला असेल, तर नाक वर करण्यासाठी तार ढकलावी लागते. विमान सूर मारून वेगाने जमिनीकडे येत आहे, वाऱ्याचा दाब एलिव्हेटरवर पराकाष्ठेचा आहे आणि मालकाने दांडी पोटाशी ओढून धरलेली आहे, नेमक्या त्या घटकेला तारेवर सर्वांत जास्त भार पडतो, आणि नेमकी त्याच घटकेला ती मध्यममार्ग स्वीकारते. जाणती माणसे म्हणूनच हॉर्न वरच्या अंगाला लावतात, म्हणजे संकटकाळी तारेला ओढायचे काम मिळते.

मग जाडच तार का घेऊ नये, हा प्रश्न ज्याला सुचतो तो नवशिका समजावा. तीन मिलिमीटरची दोन फूट तार तेहेतीस-चौतीस ग्रॅम भरते. तिचा बहुतेक भार शेपटीकडे जातो. शेपटीकडे वाढलेल्या एका ग्रॅमासाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे भरावे लागते. आणि एवढी मजबूत तार ज्यात बसवली ते विमान पुढे जमिनीवरच मोठ्या रुबाबात नांदते. बारीक तार नळीतून न्यावी हा एक उपाय आहे. अर्नेस्ट बाउडन याने १८९६ साली पेटंट घेतलेली, आणि हल्लीच्या सायकलींच्या ब्रेकमधून घरोघर पोचलेली, ती हीच युक्ती. (आमच्या पिढीच्या सायकलींचे ब्रेकसुद्धा दांड्यांचे असत आणि ते लागल्याची बातमी चाकाला बऱ्याच उशिरा कळे, हा भाग निराळा.) दुसरा उपाय म्हणजे मधली मजल बाल्साच्या काठीवर सोपवून दोन्ही टोकांनाच तेवढी वीतभर तार दोऱ्याने गच्च गुंडाळून व वर सरस चोपडून जोडायची. हल्ली कार्बनच्या नळ्याही मिळतात. त्या उत्तम असतात, म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

तारेची खरेदी हा स्वतंत्र अध्याय आहे. आमचे एक स्नेही पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर या छंदाच्या नादी लागले, आणि साक्षीदार म्हणून अधूनमधून आम्हांलाही पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीत घेऊन जाऊ लागले. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या आणि कड्या यांच्या त्या साम्राज्यात, सकाळची गिऱ्हाइकी ऐन भरात असताना झालेला संवाद आम्ही जसा ऐकला तसा देतो.

“शेठ, जरा तार दाखवा.”

“काय बांधायचंय साहेब?”

“बांधायचं काही नाही. वाकवायची आहे.”

शेठजींनी सळया बांधायच्या काळ्या तारेचे वेटोळे पुढे सरकवले. “ही न्या. नुसत्या बोटानं वाकते.”

“छे, छे! वाकणारी नको. न वाकणारी द्या.”

“पण तुम्हांला वाकवायची आहे ना?”

“अर्थात.”

“आणि ती वाकायला नको.”

“मी वाकवली तर वाकली पाहिजे. दुसऱ्या कुणी वाकवली तर नाही.”

शेठजींनी चष्मा कपाळावर चढवला, आमच्या स्नेह्यांकडे क्षणभर पाहिले आणि अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, “साहेब, अशी तार असती तर मी दुकानात कशाला ठेवली असती? घरीच नसती वापरली?”

शेठजींचे चुकले असे म्हणता येत नाही. सगळ्या प्रकरणाची मेख त्यांनी अचूक पकडली होती. या कामाला लागणारी तार मधून ताठ आणि दोन्ही टोकांना वाकलेली असावी लागते; एका टोकाला वरिष्ठांपुढे वाकायचे, दुसऱ्या टोकाला स्थानिक परिस्थितीपुढे वाकायचे, आणि मधल्या सगळ्या मजलेत कणा असल्याचा आव आणायचा. असा उमेदवार मिळवण्यासाठी सरकार स्पर्धापरीक्षा घेते. छंदिष्टाला त्याची निवड दुकानाच्या फळीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत करावी लागते.

शास्त्राने सुचवलेली तार म्हणजे पियानो वायर. भरपूर कार्बनचे पोलाद थंडच ओढून ती काढलेली असते आणि स्प्रिंगसारखा ताठा तिच्या अंगी मुरलेला असतो. परंतु ज्या प्रांतात पियानो वाजवलेल्या माणसांपेक्षा तंबोरा लावलेल्या माणसांची संख्या कितीतरी अधिक, तिथे पियानोची तार मागणाऱ्याकडे दुकानदाराने संशयाने पाहावे हे स्वाभाविकच आहे. आमच्या स्नेह्यांनी, उपाय म्हणून, एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यातील मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा गाणे चालू असतानाच मापून पाहिल्या. त्या पोलादीच होत्या, पण फारच बारीक निघाल्या. त्यांचेही सारे आयुष्य ताणातच जाते, ढकलण्याचा सराव त्यांना कुठला? त्यानंतर त्या घरी मैफल झाली तर आमच्या स्नेह्यांना आमंत्रण येते, परंतु त्यांची जागा मागच्या रांगेत ठरवलेली असते.

मापांचा घोटाळा तर याहून मोठा. ब्रिटिश सरकारने १ मार्च १८८४ पासून तारांचे जे अधिकृत गेज अंमलात आणले, तेच आपल्या बाजारात अजून बोलले जाते. त्यात सोळा नंबरची तार १.६ मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि नंबर वाढत जाईल तसतशी तार बारीक होत जाते. पियानोच्या तारेचे गेज मात्र निराळे. त्यात नंबर वाढेल तशी तार जाड होते, आणि तिथला सोळा नंबर मिलिमीटरभरही जाड नसतो. विमानाचा आराखडा अमेरिकेचा असला तर त्यावर इंचाचे सोळांश आणि बत्तिसांश असतात. जपानचा असला तर मिलिमीटर. अशा परिस्थितीत ‘सोळा नंबर’ मागणे म्हणजे एका नावाच्या दोन इसमांपैकी नेमक्या कोणाच्या नावाने समन्स काढले हे न पाहता ते बजावून मोकळे होण्यासारखे आहे. आळीतले जुने दुकानदार या भानगडीत पडत नाहीत. ते तार बोटांत फिरवतात, “सोळा,” म्हणतात, आणि मायक्रोमीटर खिशात घेऊन आलेल्या निवृत्त अभियंत्यांचा पाणउतारा होतो, कारण ते सोळाच असते.

पुण्यासारख्या, एके काळी सायकलींनी गजबजलेल्या शहरात या सर्व विवंचनेवर एक देशी तोडगा निघाला तो सायकलच्या स्पोकचा. स्पोक दोन मिलिमीटर जाड, चांगल्या कसाचा, आणि त्याच्या टोकाला इंचाला ५६ आटे पाडलेले. अमेरिकन छंदिष्ट तारेचे टोक हॉर्नला अडकवण्यासाठी ज्या २-५६ मापाच्या क्लेव्हिस वापरतात, त्यांचेही आटे इंचाला ५६. समुद्रापलीकडच्या दोन धंद्यांनी परस्परांची ओळखदेख नसताना एका आट्यावर यावे, ही घटना आम्हांला अनेक आंतरराष्ट्रीय करारांपेक्षा अधिक आश्वासक वाटते. शिवाय स्पोकच्या दुसऱ्या टोकाला कारखान्यातूनच एक वाक आणि वर टोपी आलेली असते. अडचण एवढीच की स्पोक साधारण फूटभरच लांब असतो. त्यामुळे विमानाचा आराखडा वायुगतिशास्त्राप्रमाणे न करता सायकलच्या चाकाप्रमाणे करणारा एक पंथ निर्माण झाला आहे. छत्रीच्या काड्या वापरणाराही एक पंथ होता. पन्हळीच्या आकाराची काडी ताठ खरी, पण वाकवायला गेले की ती चेपते आणि मग मोडते, आणि पावसाळ्याच्या तोंडी घरातल्या छत्र्यांची शिरगणती सुरू झाली की त्या पंथाच्या अनुयायांना फार सोसावे लागते.

तार घरी आली म्हणजे वाकवण्याला आरंभ होतो. सर्वोच्या हाताशी जो सांधा करावयाचा, त्याला इंग्रजी झेड अक्षराच्या आकृतीवरून नाव पडले आहे. टोकापासून थोडे अंतर सोडून पहिला काटकोन करायचा. त्यानंतर सर्वोच्या हाताची जाडी असेल तेवढीच, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर, जागा सोडून उलट दिशेला दुसरा काटकोन करायचा. म्हणजे तार भोकातून ओवल्यावर पुढेही निसटत नाही आणि मागेही निसटत नाही. वाचताना हे जितके सोपे वाटते तितके ते असते तर या लेखाची आवश्यकता नव्हती. पहिला काटकोन साधतो. दुसऱ्यासाठी पक्कडीच्या नाकात पकडायला जी जागा हवी, ती पहिल्याच काटकोनाने व्यापलेली असते. पक्कड पहिल्या वाकाला धरावी तर तो उलगडतो; अलीकडे धरावी तर मधले अंतर वाढून तार भोकात खुळखुळते; आणि शेगड्यात आवळून हातोडीने ठोकावी तर दुसरा वाक पहिल्याच्या पातळीत न येता तिरपा येतो, आणि अशी तार सर्वोच्या हाताला सरळ ढकलण्याऐवजी पिळीत बसते. याकरिता खास खाचेची पक्कड मिळते आणि ती एका दाबात निर्दोष झेड पाडून देते. आमच्या स्नेह्यांनी ती मागवली, पण वापरली नाही. हातांनी जमत नाही म्हणून आणली असे लोक म्हणतील, ही त्यांची भीती.

तारेच्या स्वभावातला दुसरा गुण असा की ती वाकवल्यानंतर थोडी परतते. बरोबर नव्वद अंशांत वाकवून सोडली तर ती ऐंशीवर येऊन स्थिर होते. म्हणून नव्वद हवे असतील तर शंभरापर्यंत नेऊन सोडावी. आमच्या स्नेह्यांना हा धडा कोणी शिकवावा लागला नाही. कालव्यांच्या कामांची अंदाजपत्रके मंजुरीसाठी वर पाठवण्यात हयात गेलेल्या माणसाला, हवे तेवढेच मागितले तर हवे तेवढे मिळत नाही, हे सूत्र पोलादाकडून नव्याने ऐकण्याचे कारण नव्हते.

वाकाचा कोपरा अगदी धारदार व्हावा असा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. कारण तसे केले की बाहेरच्या अंगाला डोळ्यांस न दिसणारी भेग पडते आणि ती तार मैदानावर, पुष्कळ प्रेक्षक जमले असताना मोडते. कोपऱ्याला निदान तारेच्या जाडीएवढी तरी गोलाई हवी. तापवून वाकवली तर सोपे जाईल हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. तार लाल होईपर्यंत तापवली तर मुकाट्याने वाकते हे खरे, पण पोलादाचे पाणी उतरते आणि मग ती जन्मभर कोणाच्याही सांगण्यावरून वाकते. हे सर्व ठाऊक असूनही एका रविवारी आमचे स्नेही ओट्याशी उभे राहून पक्कडीत धरलेली तार गॅसवर तापवीत होते. वहिनी आत आल्या.

“अहो, गॅसवर काय ठेवलंय?”

“तार.”

“बरं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “शिट्ट्या किती करायच्या?”

वाकवण्याआधी मापायचे असते, आणि मापणे हे वाकवण्याहून कठीण. सर्वो मध्यावर आणायचा, एलिव्हेटर सपाट धरायचा, दोन भोकांमधले अंतर घ्यायचे, त्यात वाकासाठी लागणारी तार मिळवायची, आणि खूण करून तोडायची. इतकी खबरदारी घेतल्यावर जी तार तयार होते ती एक सूत कमी पडते. दोन सूत नाही, अर्धे सूत नाही, एक सूत. जगातल्या कुठल्याही बाजारात एक सूत तार विकत मिळत नसल्यामुळे अखेर सगळी तार बदलावी लागते. दोन्ही टोकांना झेड पाडणाऱ्या करारी माणसांवर हा प्रसंग हटकून येतो. समंजस माणसे एका टोकाला आट्यांची क्लेव्हिस ठेवतात, म्हणजे चार वेढे इकडे-तिकडे करून समेट घडवता येतो. काही जण तारेच्या मध्यभागी मुद्दाम एक व्हीसारखी मुरड घालतात आणि ती पक्कडीने दाबून किंवा फाकवून लांबीची तडजोड करतात. ज्या तारेचा मधला भाग वाकू नये म्हणून इतका आटापिटा, तिच्या मध्यभागी आपल्याच हाताने वाक घालण्याची ही पद्धत आम्हांला मान्य नाही. पण ती चालते, आणि लहान विमानांत छान चालते, हे कबूल केले पाहिजे.

तोडण्याविषयीही दोन शब्द. विजेच्या कामाच्या साध्या कटरने पियानो वायर तोडली तर तारेला काही होत नाही, कटरच्या पात्याला मात्र अर्धचंद्राकृती खाच पडते. आमच्या आळीतल्या छंदिष्टांची ज्येष्ठता कटरवरच्या खाचा मोजून ठरवता येते. तुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने जातो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. तो कोठे गेला ते तेव्हा कळत नाही. पुढे केव्हा तरी घरातले कोणी अनवाणी चालले म्हणजे कळते. कानशीने सभोवार खाच पाडून तार मोडणे हा खरा मार्ग, परंतु त्याला लागणारा संयम ज्याच्यापाशी आहे तो मनुष्य विमानाच्या नादी लागेल असे आम्हांस वाटत नाही.

हा छंद आपल्याकडे तरुणांच्या हाती पोचवण्यात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाचा मोठा वाटा आहे. १९५० साली मुंबई आणि कलकत्ता येथे त्याची पहिली पथके उभी राहिली. छात्रांच्या कंट्रोल लाइन विमानांत रेडिओचे काम नसते: मध्ये उभा राहिलेला छात्र हातातल्या मुठीने दोन पोलादी दोऱ्या खालीवर करतो, विमान त्याच्याभोवती रिंगण धरते, दोऱ्या पंखातल्या बेलक्रँक नावाच्या कोनाला फिरवतात, आणि तिथून शेपटीपर्यंत पुन्हा आपली तीच तार. या पद्धतीचे पेटंट ऑरेगॉनमधील जिम वॉकर याने १९४२ साली मिळवले. पुढे दावा कोर्टात गेला तेव्हा त्याच प्रांतातील ओबा सेंट क्लेअर याने १९३७ मध्येच असे विमान फिरवले होते हे पुढे आले आणि पेटंट टिकले नाही. तारेच्या टोकांना वकील बांधले की ती किती लांबते, याचे हे उदाहरण.

विमान कोसळले म्हणजे मैदानावर त्याचा पंचनामा होतो. पंच स्वयंनियुक्त असतात. बॅटरी उतरली असावी, गुरुत्वमध्य मागे असावा, बोट चुकून दुसऱ्या दांडीला लागले असावे, असे अभिप्राय नोंदवले जातात. एकदा आमच्या स्नेह्यांनी बाल्साच्या चुऱ्यातून तार ओढून बाहेर काढली. अख्खी राहिलेली वस्तू तेवढीच होती. झेड शाबूत, क्लेव्हिस शाबूत, आणि मधोमध मात्र एक सुबक कमान. आता ही कमान अपघाताचे कारण की अपघाताचे फळ, या एकाच मुद्द्यावर सारे प्रकरण येऊन ठेपले, आणि तार कोणत्याच पक्षाची साक्ष देईना. पुष्कळ वादविवाद होऊन अखेर वाऱ्यावर ठपका ठेवण्याचे सर्वानुमते ठरले. वाऱ्याला नोटीस काढावी लागत नाही, आणि त्याचे अपीलही होत नाही.

एवढ्यात आमच्या स्नेह्यांनी तार बोटांनी दाबून थोडीफार सरळ केली, एक डोळा मिटून तिच्या अंगाअंगावरून नजर फिरवली, आणि खिशातून पुढल्या विमानाचा आराखडा काढून ती त्यावर ठेवून पाहिली. ती दोन सूत लांब भरली. इतक्या वर्षांत तार कमी न पडता उरल्याचा तो पहिलाच प्रसंग असल्यामुळे त्यांनी ती रुमालात गुंडाळली, चौकशी तहकूब केली, आणि पंचांना चहा पाजला.